गाडी आधी लागली, माल नंतर शोधला

वाडीतून बोलतोय. मागे मधेच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, अमरावती रोड आपल्या खोलीपासून फार लांब नाही. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही टाकतोय. बोलताना जे "अं… म्हणजे…" होतं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला. शेकडो कोटी खर्चून, पाच-सहा वर्षं खपून जे मोठे सिनेमे बनतात, भाग एक, भाग दोन, भाग तीन वाले, ते एवढे फसतात कसे? आणि दुसरा प्रश्न त्याच्याच पाठीला पाठ लावून येतो : त्यात सगळे एकमेकांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचेच का असतात?

मी सिनेमावाला नाही. बावीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या फाडतोय. पण मला वाटतं या प्रश्नाचं अर्धं उत्तर आमच्या धंद्यात सापडतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

लोडिंगचा नियम

नागपुरातून एक गाडी निघाली. माल उतरणार आहे अमरावतीला, मग अकोल्याला आणि शेवटी जळगावला. सांगा, आधी काय भराल? नवीन पोरगा हमखास अमरावतीचा माल आधी भरतो, कारण ते गाव आधी येतं. मग अमरावतीला गाडी उभी राहते तेव्हा त्या पार्टीचा माल सगळ्यात आत, केबिनला चिकटलेला. म्हणजे आता जळगावचा माल रस्त्यावर उतरवा, अमरावतीचा काढा, जळगावचा परत चढवा. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट, शिव्या तिप्पट.

नियम सोपा आहे. जे सगळ्यात शेवटी उतरायचं ते सगळ्यात आधी भरायचं. म्हणजे गाडीचं फाळकं उघडण्याआधी शेवटचा थांबा माहीत पाहिजे.

तीन भागांची गोष्ट सांगणं हे याहून वेगळं नाही. तिसऱ्या भागात जे उतरवायचं आहे ते पहिल्या भागाच्या तळाशी भरलेलं लागतं. आणि मोठ्या सिनेमांत होतं काय, तर गाडी आधी लागते. रिलीजची तारीख जाहीर, पोस्टर जाहीर, भाग तीनची घोषणाही जाहीर. माल काय भरायचा ते नंतर बघू.

चार अब्ज डॉलरची गाडी

हे नुसतं आपल्याकडे होतं असं नाही. सगळ्यात महागडं उदाहरण हॉलिवूडचंच आहे. २०१२ मध्ये डिस्नेनं जॉर्ज लुकासची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरला विकत घेतली आणि "स्टार वॉर्स"चे तीन नवे सिनेमे काढायचं ठरवलं. २०१५ ला पहिला आला, दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स. २०१७ ला दुसरा, रायन जॉन्सन. तिसरा कॉलिन ट्रेव्हॉरो करणार होता, तो २०१७ च्या सप्टेंबरात बाजूला झाला आणि परत अब्राम्सला बोलावलं. तो सिनेमा २०१९ ला आला.

एका गाडीला तीन ड्रायव्हर असायला हरकत नाही. पण तिघांच्या हातात एकच चालान पाहिजे. इथे ते नव्हतं. पहिल्या भागात रे नावाची एक मुलगी आहे, भंगार गोळा करून जगणारी, आईबाप सोडून गेलेले. प्रेक्षक दोन वर्षं डोकं खाजवत बसले, ही कोणाची मुलगी? दुसऱ्या भागात उत्तर मिळालं : कोणाचीच नाही. तिचे आईबाप कोणी मोठे नव्हते. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. आणि तिसऱ्या भागात सांगितलं, नाही नाही, ती तर सम्राट पॅल्पटीनची नात!

म्हणजे अमरावतीला उतरवलेला माल परत गाडीत चढवला. नंतर २०२१ मध्ये खुद्द अब्राम्सनेच एका मुलाखतीत कबूल केलं की आधी योजना असणं किती महत्त्वाचं असतं हे तो ठेच लागून शिकला.

त्याच काळात "सोलो" नावाचा सिनेमा सुरू होता. त्याच्या दोन्ही दिग्दर्शकांना, लॉर्ड आणि मिलर यांना, कित्येक महिन्यांचं शूटिंग झाल्यावर जून २०१७ मध्ये काढलं आणि रॉन हॉवर्डला आणून बराचसा सिनेमा पुन्हा चित्रित केला. एकाच सिनेमासाठी दोनदा हमाली. २०१८ ला तो आला आणि आपटला.

पण रे च्या गोष्टीतली एक बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नियोजन फसलं आणि घाईघाईत शेवट जोडायची वेळ आली तेव्हा लेखकांच्या हाताला पहिल्यांदा काय लागलं? घराणं.

आता आपल्या मुंबईकडे

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण म्हणजे "ब्रह्मास्त्र". मी त्या सिनेमाला शिव्या द्यायला बसलेलो नाही. मी तो वाडीहून शहरात जाऊन, बायको-पोरांना घेऊन, थ्रीडीचे चष्मे लावून बघितला. त्यातले आगीचे खेळ बघून आमचं पोरगं खुर्चीवर उभं राहिलं होतं. त्याच्या दृश्य-करामतींना पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, आणि तो योग्यच होता.

आता तारखा बघा. घोषणा २०१७ ची. शूटिंग सुरू झालं फेब्रुवारी २०१८ मध्ये, बल्गेरियात. पहिली जाहीर तारीख होती १५ ऑगस्ट २०१९. मग ती गेली २०१९ च्या नाताळावर. मार्च २०१९ मध्ये, महाशिवरात्रीला, प्रयागराजच्या कुंभमेळ्यात आकाशात दीडशे ड्रोन उडवून सिनेमाचं बोधचिन्ह दाखवलं. म्हणजे वरात निघाली आणि नवरदेवाचा सदरा अजून शिंप्याकडेच. मग तारीख २०२० च्या उन्हाळ्यावर, मग ४ डिसेंबर २०२० वर. मधे कोरोना आला, तो कोणाच्या हातातला नव्हता, ते मान्य. शेवटी सिनेमा लागला ९ सप्टेंबर २०२२ ला.

गंमत बघा, दिग्दर्शक अयान मुखर्जीच्या डोक्यात ही कल्पना २०११ पासून होती असं तो स्वतः सांगतो. मग एवढ्या वर्षांत लोकांना खटकलं काय? आगीचे गोळे नाही खटकले. खटकले संवाद! खटकली प्रेमकथा! म्हणजे ज्याला कॉम्प्युटर लागत नाही, परदेशी स्टुडिओ लागत नाही, चारशे कोटी लागत नाहीत, एक टेबल, एक वही आणि "हे बरं नाही, परत लिही" म्हणणारा एक माणूस लागतो, नेमकं तिथे कमी पडलं.

पैशाचं गणितही एकदा नीट समजून घेऊ, कारण यावर व्हॉट्सॲपवर फार भांडणं होतात. सिनेमावर सुमारे चारशे कोटी खर्च झाल्याच्या बातम्या होत्या आणि जगभरचा गल्लाही चारशे कोटींच्या वर गेल्याच्या. मग लोक म्हणतात, "झाले की वसूल!" नाही ना भाऊ. गल्ला म्हणजे तिकीटखिडकीवर जमलेला सगळा पैसा. त्यातून कर जातो. उरलेल्यातला मोटामोटी निम्मा थिएटरवाला ठेवतो. मग वितरक आपलं घेतो. गाडीचं भाडं लाख रुपये आलं म्हणजे मालकाला लाख सुटले असं होत नाही. डिझेल, टोल, ड्रायव्हर, टायर. तसंच हे. सिनेमाला पुढे टीव्ही, ओटीटी, गाण्यांचे हक्क असे पैसे येतात, तो भाग वेगळा. पण चारशे खर्चून चारशे गल्ला हा फायद्याचा धंदा नव्हे.

आणि पुढचं? २०२३ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं की दुसरा भाग डिसेंबर २०२६ ला आणि तिसरा डिसेंबर २०२७ ला येणार, आणि दिग्दर्शक मधे दुसऱ्याच एका मालिकेतला सिनेमा करणार. तो "वॉर २", १४ ऑगस्ट २०२५ ला आला. बघा, परत तेच. आधी तारीख.

कोणाचा कोण

आता दुसरा प्रश्न. "ब्रह्मास्त्र"च्या माणसांची यादी करू. दिग्दर्शक अयान मुखर्जी : फिल्मिस्तान आणि फिल्मालय उभं करणाऱ्या शशधर मुखर्जींचा नातू. नायक रणबीर : पृथ्वीराज कपूर यांचा पणतू, राज कपूर यांचा नातू. नायिका आलिया : महेश भट्ट यांची मुलगी. निर्माता करण जोहर : यश जोहर यांचा मुलगा. नागार्जुन : तेलुगूतले थोर नट अक्किनेनी नागेश्वर राव यांचा मुलगा. अमिताभ बच्चन आणि शाहरुख खान हे बाहेरून आलेले. मौनी रॉयही. टीव्ही मालिकांतून आलेली. आणि लोकांनी सगळ्यात जास्त कौतुक कोणाच्या कामाचं केलं म्हणता? आमच्या कॉलनीत तरी तिच्याच.

याचा अर्थ रणबीर-आलियाला अभिनय येत नाही असा नाही. दोघंही जाम चांगले नट आहेत, हे मीच काय, कोणीही सांगेल. मुद्दा वेगळा आहे.

मुद्दा असा की ही सगळी एका घरातल्यासारखी माणसं. मित्र, नातलग, लहानपणापासूनची ओळख. आणि घरात आपण काय करतो? भावाच्या लग्नात वरण खारट झालं तर आचाऱ्याला ओरडतो, पण वरण वहिनीनं केलं असेल तर दोन वाट्या जास्त पितो. घराणेशाहीबद्दल आपण नेहमी बोलतो ते बाहेर राहिलेल्या पोरावर अन्याय होतो म्हणून. तो होतोच. पण कामाचंही एक नुकसान होतं, आणि ते कोणी मोजत नाही. "नाही" म्हणणारं माणूस खोलीतून नाहीसं होतं. योजना फसते ती तिथे.

आणि मघाची बाब आठवा. "ब्रह्मास्त्र"मधला शिवा कोण? अनाथ पोरगा, मुंबईत गाणी वाजवणारा डीजे, कोणाचाच नाही. आणि शेवटी कळतं काय? तो अस्त्रांच्या थोर घराण्यातलाच! तिकडे रे, इकडे शिवा. अमेरिका असो नाही तर मुंबई, मोठ्या घरातल्या माणसांनी लिहिलेल्या गोष्टीत साध्या पोराला शक्ती मिळायची तर ती बापाकडूनच मिळाली पाहिजे. हा योगायोग असेलही. पण मला वाटतं, माणूस जे बघत मोठा होतो तेच त्याला नैसर्गिक वाटायला लागतं.

मग घरची माणसं घ्यायचीच नाहीत का?

थांबा. इथे एवढं सोपं उत्तर देऊन चालणार नाही. कारण आपला सिनेमा सुरूच झाला एका कुटुंबातून.

दादासाहेब फाळके. "राजा हरिश्चंद्र", ३ मे १९१३, मुंबईचं कॉरोनेशन थिएटर. सरस्वतीबाई फाळके त्या सिनेमात काय करत होत्या? फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. त्यांचे दागिने गहाण पडले ते वेगळं. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, कारण दुसऱ्या कोणाचे आईबाप पडद्यावर मरणाऱ्या पोराचं काम द्यायला तयार नव्हते. आणि तारामतीचं काम, म्हणजे नायिकेचं, कोणाला मिळालं? ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या साळुंके नावाच्या माणसाला. दिसायला नाजूक, हात सडपातळ, म्हणून. तोच पुढे १९१७ च्या "लंका दहन"मध्ये राम आणि सीता दोन्ही झाला.

म्हणजे घरच्यांना कष्ट, आणि काम ज्याला शोभेल त्याला. शिवाय नियोजन म्हणाल तर भांडवलवाल्यांना पटवायला फाळक्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची एक छोटी फिल्म करून दाखवली. आधी नमुना, मग पैसे मागणी. नियोजन त्यांचंही एकदा फसलं. "सेतुबंधन" पैशाअभावी रखडला, दोन वर्षं गेली, मधे १९३१ ला "आलम आरा" आला आणि सिनेमा बोलायला लागला. मग मूकपटाला मागून आवाज चढवावा लागला. बाजार थांबत नाही मंडळी, फाळक्यांसाठीही नाही थांबला.

दुसरं उदाहरण राज कपूर यांचं. "मेरा नाम जोकर". सहा वर्षं, घरदार गहाण, चार तासांवर लांबी, दोन मध्यंतरं. १९७० ला लागला आणि पडला. आणि मग १९७३ ला "बॉबी", नायक म्हणून स्वतःचा मुलगा ऋषी. सगळे म्हणाले बापानं मुलासाठी सिनेमा काढला. ऋषी कपूर आयुष्यभर उलटं सांगत राहिले : वडिलांवर कर्ज होतं, मोठा नट परवडत नव्हता, कोवळ्या पोरांची प्रेमकथा होती, म्हणून मी. "जोकर"मध्ये लहानपणच्या राजूचं काम करून त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता, हेही खरं. आणि डिंपल कपाडिया तर बाहेरचीच होती. गोष्टीला पोरगा हवा होता आणि तो घरात होता. पोरगा आहे म्हणून गोष्ट शोधली, असं ते झालं नाही.

तिसरं, आताचं. "बाहुबली". राजामौलींचे वडील विजयेंद्र प्रसाद कथा लिहितात, चुलतभाऊ कीरवाणी संगीत देतात, बायको रमा कपडे बघते. घराणेशाही म्हणायची तर एवढी ठळक कुठे सापडणार? पण कटप्पाने बाहुबलीला का मारलं हा प्रश्न २०१५ ला विचारला तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं होतं. २०१७ ला गाडी उघडली आणि माल जागेवर होता. सगळा देश दोन वर्षं त्या उत्तरासाठी थांबला.

आपल्या मराठीतही बघा. "झपाटलेला" १९९३ चा, महेश कोठारे यांचा. "झपाटलेला २" वीस वर्षांनी, २०१३ ला, थ्रीडीमध्ये, आणि नायक आदिनाथ, म्हणजे कोठाऱ्यांचा मुलगा. लक्ष्या तोवर आपल्यात नव्हता. पण त्या सिनेमात अजून एक घराणं काम करत होतं, त्याबद्दल कोणी घराणेशाही म्हणून बोट दाखवत नाही. तात्या विंचूची बाहुली रामदास पाध्यांची. त्यांच्या वडिलांनी अर्धवटराव बोलता केला, त्यांनी तात्या विंचू, आणि पुढे त्यांचा मुलगाही त्याच कामात. आपण का नाही चिडत? कारण बाहुली खोटं बोलू देत नाही. ओठ हलले की हलले, नाही तर नाही. वारशानं हुनर आला तर आपण हात जोडतो. वारशानं नुसती खुर्ची आली की पोटात दुखतं.

तेव्हा माझी कसोटी अशी. नातलग आहे का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न : तो चुकला तर त्याला थांबवायची हिंमत कोणात आहे? आणि त्याहून चांगला कोणी दाराबाहेर उभा असेल तर त्याला आत घेतील का?

दाराबाहेरचे

आता दाराबाहेरच्यांबद्दल. "सैराट", २९ एप्रिल २०१६. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोरगी. आकाश ठोसर कुस्ती खेळणारा. बजेट चार कोटींच्या आसपास आणि गल्ला शंभर कोटींच्या वर, असे आकडे सगळीकडे छापून आले. मग हिंदीत "धडक" आला, जुलै २०१८ ला. तोच करण जोहर यांचा बॅनर, नायिका श्रीदेवी-बोनी कपूर यांची मुलगी जान्हवी, नायक शाहिद कपूरचा भाऊ ईशान. गोष्ट तीच, गाण्यांच्या चालीही बऱ्याच त्याच. सिनेमा चाललाही. पण "सैराट"मधली जात तिथे पोचता पोचता पातळ झाली. आर्चीच्या हातात बुलेट शोभली ती ती कोणाची मुलगी होती म्हणून नाही. उलट, आपल्याला ती कोणाची मुलगी ते माहीतच नव्हतं.

आणि आता आपल्या गावाचं. "झुंड". आपल्या हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरचा सिनेमा. नागराज मंजुळे इथे आले, डिसेंबर २०१८ ला शूटिंग सुरू झालं. समोर अमिताभ बच्चन आणि त्यांच्याभोवती नागपूरच्या वस्त्यांतली पोरं. ती बोलत होती ती भाषा आपली होती, "काहून बे" वाली. सिनेमाला वेळ लागला, ४ मार्च २०२२ ला लागला, तिकीटखिडकीवर फार मोठा धमाका झाला नाही. पण त्यातला आपला अंकुश गेडाम, त्याला २०२३ ला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. ज्या बक्षिसावर वर्षानुवर्षं स्टारपुत्रांची नावं लागत आली, त्यावर नागपूरच्या पोराचं नाव. त्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे आले होते. का आले, कोणी आणले, कोणी विचारलं नाही.

माझी एकांकिका

इथे भाग संपवला असता तर मी शहाणा ठरलो असतो. पण काल रेकॉर्डिंगच्या आधी बायको म्हणाली, "दुसऱ्यांचे चारशे कोटी मोजताय, स्वतःचे वीस हजार सांगा ना." तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आमच्या मंडळानं एकांकिका बसवायची ठरवली. दिग्दर्शक मी. तारीख ठरली, मांडववाला ठरला, पत्रिकाही छापून आल्या. एकांकिकेचा शेवट लिहिलेला नव्हता. म्हटलं, होऊन जाईल, पंधरा दिवस आहेत.

मुख्य कामाला दोन पोरं होती. एक आमच्याच गोडाऊनमधल्या एका हमालाचा मुलगा, बारावीतला. दोन तालमींत त्याला सगळ्यांचे संवाद पाठ. दुसरा माझा पुतण्या. दादानं नेपथ्यासाठी आणि लायटिंगसाठी वीस हजार दिले होते. त्यानं काही अट घातली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. मीच काढला. पुतण्याला मुख्य काम दिलं आणि त्या पोराला म्हटलं, "तुला सगळं पाठ आहे ना, तू प्रॉम्प्टिंग कर."

तो "हो काका" म्हणाला. मंडळातलं कोणी काही बोललं नाही. कोण बोलणार, वीस हजारांचा सेट समोर उभा होता.

शेवट मी चार दिवस आधी लिहिला, तो सगळ्या संवादांपेक्षा लांब झाला. प्रयोगाच्या रात्री पुतण्या त्या शेवटच्या भागात आला आणि गप्प झाला. पूर्ण गप्प. विंगेतून प्रॉम्प्टिंग सुरू झालं. एक ओळ, दोन ओळी. पोरगं नुसतं ओळ सांगत नव्हतं, नकळत म्हणत होतं, जशी म्हणायला पाहिजे तशी. हळूहळू समोरचे लोक स्टेजकडे बघायचे सोडून विंगेकडे मान वळवून ऐकायला लागले. पुतण्या लायटात उभा, ओठ हलवतोय, आणि आवाज काळोखातून येतोय.

शेवटी टाळ्या पडल्या. कोणासाठी ते तिघांनाही समजलं.

त्यानंतर तो पोरगा तालमीला आला नाही. आणि माझा पुतण्याही पुन्हा कधी स्टेजवर चढला नाही. त्याच्यावरही मी उपकार केले नव्हते. त्याला एक छोटं काम दिलं असतं, पुढच्या वर्षी जरा मोठं दिलं असतं, तर कदाचित तो आज नाटकात असता. मोठ्या घरातल्या पोरांची थट्टा करताना मला आता तो लायटात उभा दिसतो. बापाच्या पैशानं उभ्या केलेल्या सेटवर तोंड उघडं ठेवून उभं राहणं सोपं नसतं.

तर मंडळी, चारशे कोटी काय नि वीस हजार काय, चुका त्याच दोन. शेवट ठरण्याआधी तारीख छापली, आणि ज्याला "नाही" म्हणता आलं नसतं त्याला मधोमध उभं केलं. माझ्या बाबतीत पहिली चूक झाली नसती तर दुसरी कदाचित झाकून गेली असती. आणि दुसरी झाली नसती तर पहिली त्या हमालाच्या पोरानं सावरून घेतली असती. दोन्ही एकत्र आल्या की गाडी कलंडते.

तो पोरगा आता खडगाव रोडला एका गोडाऊनमध्ये लोडिंग बघतो. परवा चहाच्या टपरीवर भेटला. मी धीर करून विचारलं, यंदा गणपतीत परत बसवायचं म्हणतोय, मुख्य काम करशील का?

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला, हसला आणि म्हणाला, "करतो ना काका. पण आधी शेवट लिहून आना. मंग तारीख सांगा."

आज रात्री लिहायला बसतोय. भेटू पुढच्या भागात.